झिरो स्टेप, ट्रॅव्हलिंग आणि माझी एक शिट्टी (बास्केटबॉल पंचगिरीतले अवघड नियम)

मृण्मयी | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी बास्केटबॉलची पंचगिरी करते. शाळांच्या आणि क्लबांच्या स्पर्धा, जिल्ह्यापुरत्या.

परवा १७ वर्षांखालील मुलींची फायनल होती. ४१-४०, सहा सेकंद शिल्लक. पिछाडीवरच्या संघाने मधल्या रेषेजवळ चेंडू हिसकावला आणि पुढे पळत सुटलेल्या सात नंबरला लांब पास दिला. तिने तो पळता पळता घेतला, पावलं टाकली, ले-अप मारला (पळत रिंगजवळ जाऊन उडी मारून टाकायचा शॉट). चेंडू आत गेला. पण त्याआधीच माझी शिट्टी वाजली होती. ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून मुभेपेक्षा जास्त पावलं. बास्केट रद्द.

मला डावं, उजवं, डावं अशी तीन पावलं दिसली. तिचे प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, पहिलं पाऊल झिरो स्टेप आहे." मी सांगितलं, "सर, ते एनबीएत. इथे फिबाचे नियम चालतात." (एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, फिबा म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ.) खेळ पुढे सुरू झाला, सहा सेकंद संपले, संघ हरला. ती मुलगी मधल्या वर्तुळात बसून रडत होती आणि मी स्कोअरशीटवर सही करत होते.

मी नियम शिकले ते कॉलेजातल्या सरांच्या वहीतून. त्या वहीत झिरो स्टेप नाही. काल एका ज्येष्ठ पंचांशी बोलले, तर ते म्हणाले की फिबातही आहे. तेव्हापासून झोप नाही. नक्की काय आहे हा नियम? आणि माझी शिट्टी चुकली का?

निखिल०९ | रात्री १०.५२

आहे. फिबात २०१७ पासून.

धरमपेठकर | रात्री ११.१५

निखिल बरोबर बोलून राहिला. १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू आहे. पण नुसतं "आहे" म्हणून भागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताई, तुम्ही मनाला लावून घेतलंय म्हणून तर जास्तच.

खेळाडू उभी असताना चेंडू घेते तेव्हा काही बदललं नाही. दोन्ही पाय जमिनीवर असतील तर एक उचलला की दुसरा पिव्होट, म्हणजे जागेवर रोवलेला पाय.

पळताना चेंडू घेतला, किंवा ड्रिबल (टप्पे देत चेंडू नेणं) संपवून चेंडू हातात धरला, तर दोन पावलांची मुभा. मोजायला कुठून सुरुवात करायची, इथेच सगळी मेख आहे. चेंडूवर ताबा आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर टेकलेला आहे, तो मोजायचा नाही. तो शून्य. ताबा आल्यानंतर जो पाय टेकेल तो एक, त्यानंतरचा दोन. दोनवरून उडी मारून चेंडू सोडला की झालं. म्हणजे डावा जमिनीवर असताना चेंडू घेतला, मग उजवा, मग डावा, मग ले-अप: शून्य, एक, दोन. कायदेशीर.

ताबा हवेत असताना आला तर शून्य नाहीच. मग पहिला टेकलेला पाय एक.

याच कलमातला आणखी एक भाग बरेच पंच विसरतात. पळताना पास घेऊन लगेच ड्रिबल करायचा असेल तर दुसरं पाऊल टेकण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. आमच्याकडच्या जुन्या पंचांची शिट्टी इथे पहिल्याच पावलाला वाजते.

नागपाडा७८ | रात्री ११.४१

मी १९७८ पासून खेळतोय. नागपाड्याच्या बच्चूखान मैदानात आम्हाला उस्तादांनी शिकवलं, दोन म्हणजे दोन. आता शून्य, एक, दोन म्हणजे शेवटी तीनच पाय जमिनीला लागले की नाही? शून्य म्हटलं म्हणून पाय काय अदृश्य होतो? टीव्हीवरच्या कसरतींना सोयीचा व्हावा म्हणून हा नियम आणला, असं माझं स्पष्ट मत आहे. मृण्मयीबेटा, तू मनाला त्रास करून घेऊ नकोस. खेळाच्या आत्म्याला धरून शिट्टी वाजवलीस.

प्रशिक्षक_सांगली | सोमवार, सकाळी ६.१०

चाचा, तुमचा मान राखून असहमत.

नेस्मिथसाहेबांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला जे तेरा नियम लिहिले, त्यातला तिसरा नियम बघा. खेळाडूने चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा. आणि त्याच वाक्याला जोडून असं आहे की जो चांगल्या वेगात पळत असताना चेंडू पकडतो, त्याला थोडी सवलत द्यावी. ड्रिबल जन्मालाही आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पळणारं माणूस जागच्या जागी थांबू शकत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. झिरो स्टेप म्हणजे त्या "थोडी सवलत द्यावी"ची मोजदाद, इतकंच. पूर्वी ती मोजदाद प्रत्येक पंच आपापल्या मनाने करायचा, आता पुस्तकात लिहिली आहे.

मृण्मयीताई, एक विचारायचं आहे. त्या मुलीने पास पहिल्याच झटक्यात स्वच्छ पकडला, की चेंडू हातात जरा उडाला? यावर बरंच अवलंबून आहे.

मृण्मयी | सकाळी ७.३०

धरमपेठकर दादा, इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे माझी शिट्टी चुकलीच.

प्रशिक्षक सर, खरं सांगायचं तर आठवत नाही. एका पालकांनी व्हिडिओ काढला होता असं कळलंय. मागून बघते.

अटलांटिकपार | सकाळी ८.०५

न्यू जर्सीहून. इथे मी हायस्कूलचे सामने करतो. आमच्या हायस्कूलच्या नियमपुस्तकात ही सवलत नाही. एनबीएने २०१९ मध्ये आपल्या नियमाची भाषा दुरुस्त करून गॅदर (चेंडू हातात सावरून ताब्यात घेणं) म्हणजे नक्की काय ते नीट लिहिलं. त्यामुळे मुलं रात्री एनबीए बघतात, दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर तेच करतात आणि मी शिट्टी वाजवली की माझ्याकडे अशी बघतात जणू मी त्यांचा डबा खाल्ला.

तात्पर्य एकच, की सामन्याआधी कुठलं पुस्तक चालू आहे ते दोन्ही प्रशिक्षकांशी बोलून घ्यावं.

उल्का | सकाळी ९.२०

विषय निघालाच आहे तर. माझा मुलगा आणि सोसायटीतली मुलं यांचं कालच भांडण झालं. एकाने शॉट मारला, चेंडू रिंगला लागून वर उडाला, रिंगच्या बरोब्बर वर होता आणि दुसऱ्या उंच मुलाने उडी मारून तो बाहेर ढकलला. मुलगा म्हणतो गोलटेंडिंग (आत जाऊ शकणारा चेंडू बेकायदा अडवणं), बास्केट द्या. कोण बरोबर? (उंची सव्वासहा फूट, वय सोळा. काय खातात ही मुलं!)

निखिल०९ | सकाळी ९.२८

उल्काताई, ढकलणारा बरोबर. फिबात शॉट रिंगला लागला की चेंडू कुणीही मारू शकतो, रिंगच्या वर असला तरी. एनबीएत रिंगच्या वर एक काल्पनिक नळकांडं मानतात, त्यात चेंडू असेपर्यंत हात लावायचा नाही. तुमचा मुलगा एनबीए बघतो हे उघड आहे.

धरमपेठकर | सकाळी ९.५०

फक्त रिंगच्या खालून हात घालून चेंडूला लावला तर तो फिबातही गुन्हा. आणि रिंगला लागण्याआधी, चेंडू पूर्ण रिंगच्या वर असून खाली येत असेल किंवा बोर्डाला लागून आलेला असेल, तर हात लावणं म्हणजे गोलटेंडिंग. जिल्हा पातळीवर इतक्या उंच उडणारी मुलं क्वचित, त्यामुळे पंचांची नजर याला सरावलेली नसते. आणि एक दिवस अचानक सव्वासहा फूट सोळा वर्षं समोर उभं राहतं.

टेबलवरची | सकाळी ११.००

मी टेबलवर बसते, २४ सेकंदांच्या घड्याळावर (चेंडू हाती आलेल्या संघाला शॉट मारायला एवढाच वेळ असतो). पंचांना शिव्या पडतात तेव्हा आम्ही बाजूला बसून असतो असं लोकांना वाटतं. तसं नाही हो.

सर्वात जास्त आरडाओरडा होतो तो चेंडू हवेत असताना २४ चा भोंगा वाजला की. प्रेक्षक ओरडतात "टाइम संपला!", निम्मे खेळाडू थांबतात, आणि चेंडू अजून वाटेतच असतो. भोंग्याआधी चेंडू हातातून सुटला असेल आणि आत गेला तर बास्केट धरायची. रिंगला लागून बाहेर आला तर खेळ चालू, भोंग्याकडे दुर्लक्ष. रिंगला लागलाच नाही तर उल्लंघन. पण तेव्हाही प्रतिस्पर्ध्याच्या हातात लगेच आणि स्पष्ट ताबा आला असेल तर खेळ थांबवायचा नाही, नाहीतर त्यांचाच फास्टब्रेक (झटपट प्रतिहल्ला) आपण मारतो. हा शेवटचा भाग गेल्या हंगामात एका फायनलला दोन्ही पंचांच्या लक्षात राहिला नाही, आणि ज्या संघाला न्याय द्यायचा त्याच्यावरच अन्याय झाला.

शिवाय आक्रमक संघाने रिंगला लागलेला रिबाउंड स्वतःच घेतला तर घड्याळ १४ वर, २४ वर नाही. काही प्रशिक्षक अजून टेबलपाशी येऊन याच्यावर वाद घालतात.

गोमंतक | दुपारी १.१५

आमच्याकडे पावसाळ्यात निम्मी कोर्टं ओली. खेळाडू चेंडूसकट घसरला की चारी बाजूंनी "ट्रॅव्हल, ट्रॅव्हल". नाही रे बाबा! चेंडू हातात धरून पडला, घसरत दोन मीटर गेला, तरी चालतं. पडलेल्या अवस्थेत चेंडू पकडला तरी चालतं. चेंडू हातात ठेवून लोळला किंवा उठायला लागला की मात्र शिट्टी. एकदा एक पोरगा पडून चेंडू पोटाशी धरून बसला, उठेना, पास देईना. त्याला नियम पक्का ठाऊक होता. पाच सेकंद अगदी जवळ खेटलेला बचावपटू समोर होता, म्हणून शेवटी त्याच नियमाने चेंडू गेला.

उल्का | दुपारी १.४०

आणि स्वतःच्याच बास्केटमध्ये टाकला तर? माझ्या पुतणीने पहिल्या सामन्यात तेच केलं होतं. टाळ्या मात्र तिला सगळ्यात जास्त मिळाल्या.

टेबलवरची | दुपारी २.०५

चुकून गेला तर दोन गुण समोरच्या संघाला, आणि स्कोअरशीटवर ते त्यांच्या कोर्टवरच्या कर्णधाराच्या नावावर मांडायचे. मुद्दाम टाकला तर उल्लंघन, बास्केट धरायची नाही. पुतणीला सांगा, तिने एका कर्णधाराला फुकटचे दोन गुण मिळवून दिले.

नागपाडा७८ | दुपारी ३.३०

प्रशिक्षकसाहेब, नेस्मिथचं ते वाक्य मला ठाऊक नव्हतं. विचार करतोय. तरीही म्हणेन, डोळ्यांना जे दिसतं त्याच्याशी नियमाचं नातं तुटू नये. प्रेक्षकाला तीन दिसतात.

घड्याळाचा विषय आला म्हणून सांगतो. १९७२ म्युनिक. आम्ही पोरं होतो, नंतर मोठ्या खेळाडूंच्या तोंडून ऐकलं आणि मग आयुष्यभर वाचत राहिलो. अमेरिका-सोव्हिएत फायनल. तीन सेकंद बाकी असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकले, अमेरिका ५०-४९. सोव्हिएत संघाने चेंडू आत टाकला, एक सेकंद उरला असताना खेळ थांबला, कारण सोव्हिएत बाकावरून टाइमआउट मागितल्याचा गलका. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि तीन सेकंद परत द्या म्हणाले. दुसऱ्यांदा चेंडू आत आला तेव्हा घड्याळ अजून लावून व्हायचं होतं, त्यावर ५० सेकंद दिसत होते. भोंगा वाजला, अमेरिकन नाचायला लागले. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा इव्हान येदेश्कोने अख्ख्या कोर्टभर पास फेकला, अलेक्झांडर बेलोव्हने रिंगखाली घेतला आणि टाकला. ५१-५०. अपील समितीत ३-२ ने निकाल कायम. अमेरिकन संघाने रौप्यपदकं आजतागायत घेतलेली नाहीत.

पंच होते ब्राझीलचे रिगेत्तो आणि बल्गेरियाचे अराबाजियान. कोर्टवरचा निर्णय कोर्टबाहेरच्या माणसाने फिरवला. मला त्या दोघांचं फार वाईट वाटतं. मृण्मयी, तुझ्या सहा सेकंदांत निदान निर्णय तुझा होता.

टेबलवरची | दुपारी ४.१०

चाचा, तुम्ही लिहिलंत त्यात मला तो घड्याळावरचा माणूस दिसतो. घड्याळ लावून झालं नाही आणि चेंडू खेळात दिला! म्हणून आज पंचाने आमच्याकडे बघून, आम्ही तयार आहोत हे पाहूनच चेंडू खेळाडूच्या हाती द्यायचा असतो. नवीन पंच हे बघणं विसरतात. कृपा करून विसरू नका.

निखिल०९ | दुपारी ४.३०

विषय थोडा वळवतो. त्या फायनलला पराभूत संघाला निषेध नोंदवता आला असता का?

धरमपेठकर | संध्याकाळी ५.००

ट्रॅव्हलिंगसाठी नाही. गुण मांडण्यात, सामन्याच्या किंवा २४ सेकंदांच्या घड्याळात दुरुस्त न झालेली चूक, अपात्र खेळाडू, अशी मोजकी कारणं आहेत. त्यासाठी सामना संपल्यावर १५ मिनिटांच्या आत कर्णधाराने क्रू चीफला (मुख्य पंचाला) सांगून स्कोअरशीटवर त्या रकान्यात सही करायची. पंचाने काय पाहिलं, यावर निषेध होत नाही. म्हणून तर पाहण्याची जबाबदारी एवढी मोठी.

अटलांटिकपार | संध्याकाळी ६.४५

ब्लॉक-चार्जबद्दल (धडक झाली तर फाउल बचावपटूचा की आक्रमकाचा) कुणीच बोललं नाही? माझ्या मते सर्वात अवघड तो. भारतात सुट्टीवर आलो तेव्हा एका मैदानावर रिंगखालचं अर्धवर्तुळ आखलेलंच नव्हतं.

प्रशिक्षक_सांगली | संध्याकाळी ७.०५

बऱ्याच ठिकाणी नसतं, दादा. रिंगच्या मध्याच्या खालून १.२५ मीटरचं. २०१० ला तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ वर गेली, तेव्हाच हेही आलं. मी स्पर्धेच्या सकाळी टेप आणि खडू घेऊन स्वतः आखतो. रेषाच नसेल तर मुलीने चार्ज घ्यायला, म्हणजे आक्रमकाची धडक अंगावर घेऊन फाउल मिळवायला, रेषेबाहेर कुठे उभं राहायचं? आणि आखलेलं असलं तरी अर्धवर्तुळात काहीही माफ असं नाही. हवेतल्या आक्रमकाने हाताने ढकललं, गुडघा बाहेर काढला, तर फाउल त्याचाच.

मृण्मयी | मंगळवार, रात्री ९.१५

व्हिडिओ मिळाला. काल रात्रीपासून चाळीस-पन्नास वेळा बघितला असेल, सावकाश, एकेक चित्र पुढे सरकवत.

प्रशिक्षक सर, तुम्ही विचारलंत तेच झालंय. पास जोरात होता. चेंडू पहिल्यांदा बोटांना लागतो तेव्हा तिचा उजवा पाय जमिनीवर आहे. तिथे चेंडू हातात उडतो. दोन्ही तळहात चेंडूवर बंद होतात तेव्हा डावा जमिनीवर आहे. मग उजवा, मग डावा, मग ले-अप.

निखिल०९ | रात्री ९.२२

मग संपलंच. डावा शून्य, उजवा एक, डावा दोन. बास्केट बरोबर होती.

नागपाडा७८ | रात्री ९.४०

थांब पोरा. बोटांना लागला तेव्हाच ताबा आला असं मानलं तर? उजवा शून्य, डावा एक, उजवा दोन, डावा तीन. तुमच्याच नियमाने ट्रॅव्हलिंग! मग मुलीची शिट्टी बरोबर.

प्रशिक्षक_सांगली | रात्री १०.०५

चाचा, मोजणी तुमची अगदी बरोबर आहे. म्हणूनच मी पहिल्या दिवशी तो प्रश्न विचारला. पण लागणं वेगळं, ताबा वेगळा. बोटांवर उडणारा चेंडू कुणाच्याच ताब्यात नसतो. तो सावरेपर्यंत टाकलेली पावलं पावलंच नाहीत. मृण्मयीताईंनी जे लिहिलंय त्यावरून मी बास्केट देईन.

नागपाडा७८ | रात्री १०.१८

म्हणजे एका बोटाच्या अंतरावर सामना. ठीक आहे, चेंडू उडाला असेल तर मीही देईन. झिरो स्टेप मला अजून आवडत नाही, पण ही बास्केट त्या मुलीची होती.

धरमपेठकर | रात्री १०.३०

ताई, एक विचारतो, रागावू नका. शिट्टी वाजवली तेव्हा तुम्ही तिचे हात पाहत होता की पाय?

मृण्मयी | रात्री १०.५१

पाय. फक्त पाय. हात पाहिलेच नाहीत, दादा. मी लीडला (हल्ल्याच्या पुढे, रिंगच्या बाजूला राहणारा पंच) होते, तिच्या पुढे पळत होते. मान वळवून मागे बघितलं तेव्हा पावलं सुरू झाली होती. म्हणजे झिरो स्टेप मला माहीत असती तरी शून्य कुठलं ते मला कळलं नसतं. मोजणीची सुरुवातच मी पाहिली नव्हती आणि शिट्टी वाजवली.

आज दुपारी त्या प्रशिक्षकांना फोन केला. सांगितलं, नियम तुमचा बरोबर होता, आणि मी जे पाहिलं नव्हतं त्यावर शिट्टी दिली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मुलीला तुम्हीच सांगाल का? शनिवारी त्यांच्या सरावाला जाणार आहे.

आता मला एवढंच शिकायचं आहे: फास्टब्रेकला लीडने पळताना चेंडू पकडण्याचा क्षण कसा गाठायचा?

धरमपेठकर | रात्री ११.१०

चेंडूशी शर्यत लावायची नाही. खांदे कोर्टकडे उघडे ठेवून, बाजूने, मान न वळवता दिसेल असं पळायचं. पास हवेत आहे तोवर घेणारीवर नजर न्यायची. आधी हात, चेंडू धरला की त्याच क्षणी खाली, कुठला पाय टेकलाय. तो पाय मनात म्हणायचा: "डावा." मग मोजायचं. मनात पाय म्हणता आला नाही तर शिट्टी नाही. तो निर्णय तुमच्या मागून येणाऱ्या ट्रेलचा, म्हणजे दुसऱ्या पंचाचा, त्याला मागून उलट जास्त स्पष्ट दिसतं. हे सामन्याआधी दोघांनी ठरवून घ्यायचं.

टेबलवरची | रात्री ११.१६

आपल्या पुण्याच्या स्नेहल बेंडके आंतरराष्ट्रीय पंच झाल्या त्या काही पहिल्या तीन वर्षांत नाही. मृण्मयी, तू थांबू नकोस.

प्रशिक्षक_सांगली | रात्री ११.२५

ताई, पुण्यात असाल तर पुढच्या रविवारी मी मुलींना घेऊन तिथे येतोय. सकाळी साडेसहाला कोर्टवर या. मुली जोरात पास देतील, मुद्दाम हातात उडतील असे. तुम्ही नुसतं पळायचं आणि मोठ्याने पाय सांगायचा. शंभर वेळा. शिट्टी घरी ठेवा.

मृण्मयी | रात्री ११.२८

येते सर. सव्वासहालाच.